नको

ईरीच्या वाचनालयात, तळघरातल्या खोलीत,
दर गुरुवारी चार वाजता
आम्ही दहा टॅबलेट चार्जिंगवरून काढतो
आणि मुलांना धोका खेळायला देतो.

धोका म्हणजे एक पार्टी, एक लाल कप,
कुणाच्यातरी मोठ्या भावाची व्हेप,
रात्री साडेअकराला अंगणात सुरू होणारी गाडी.
प्रत्येक वळणावर तीन चौकोन, एकावर बोट ठेवायचं.
चौकोनांतली वाक्यं माझी.
अनुदानाच्या अर्जात त्यांना ‘नकार-कौशल्यं’ म्हटलंय.
मी ती बसमध्ये लिहिते, आधी मराठीत,
कारण पंधराव्या वर्षीचं घाबरणं
मला दुसऱ्या कुठल्या भाषेत आठवत नाही.

बाकीची मुलं पटापट शिकतात.
प्रमिशा राई सहा मिनिटांत सुखरूप घरी,
ऐंशी गुण, वर एक हिरवं पान.
लगेच विचारते, आता चिप्स घेऊ?

जॅरेट मात्र त्या गाडीत बसतो.
दर वेळी. मागच्या सीटवर, डावीकडे.
अपघात आम्ही दाखवत नाही, समितीनं कापला.
नुसता पडदा काळा होतो
आणि पांढऱ्या अक्षरांत: पुन्हा प्रयत्न करा.
तो पुन्हा प्रयत्न करतो. पुन्हा बसतो.
सतरा वेळा.
मी वहीत लिहिलं, ‘जोखीम: जास्त’
आणि खाली रेघ ओढली, बाईंच्या थाटात.

मग एका गुरुवारी तळ्यावरून बर्फ आलं,
बस अडकल्या, सगळ्यांना कुणी ना कुणी घेऊन गेलं,
उरलो आम्ही दोघं आणि हीटरची खडखड.
मी म्हटलं, अरे, बरोबर चौकोन कुठला
ते तुला माहीत आहे ना?
मान वर न करता म्हणाला,
‘त्यानं मी वाचतो.
कोडी तर जातोच गाडी घेऊन.’

माझ्या फाइलीत त्याचं नाव ‘ड्रायव्हर दोन’ आहे.

कोडी कोण, मी विचारलं नाही.
बारा नंबरच्या वळणावर विजेच्या खांबाला
हॉकीची एक स्टिक बांधलेली असते,
तिच्यावरचं बर्फ कुणीतरी झाडत असतं.
रोज बघते. आता खिडकीची बाजू बदललीय.

सतरा वेळा तो मागे बसून शोधत होता,
इथून काही बोलता येतं का.
येत नव्हतं. दार लागल्यावर
मी एकही शब्द लिहिला नव्हता.
नुसतं संगीत टाकलं होतं, तेही फुकटातलं.

त्या रात्री कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये लक्षात आलं,
मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलंय.
मी येत नाही, मी पीत नाही, मला जमत नाही.
आपल्याकडे ‘नको’ही आहे,
दुसऱ्याच्या बाहीला धरणारा.
जाऊ नको.
इंग्रजीत त्याचा हुकूम होतो,
किंवा फळ्यावरचा नियम.

लोरेन म्हणाली, मुलांना गाडीत बसवून
वाचवायला शिकवू नकोस, मरतील.
खरं होतं तिचं. म्हणून त्याला बाहेर उभं केलं,
काचेवर हात ठेवून, इंजिन चालू असताना.
तीन नवे चौकोन:
माझा फोन आत राहिला, चल ना शोधायला.
थांब, मला उलटी होतेय.
तिसरा तसाच, रिकामा. शब्द मिळत नव्हता.
लोरेननं विचारलं, ह्याला गुण किती?
तक्त्यात ह्यासाठी रकानाच नव्हता.

काल जॅरेटनं आधी फोन शोधला. गाडी निघून गेली
(तो हट्टी आहे, मीच तसा केलाय).
मग रिकाम्या चौकोनावर बोट टेकवून
बराच वेळ थांबला. मग उलटी.
इंजिन बंद झालं. ड्रायव्हर दोन खाली उतरला,
त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला,
आणि चावी बर्फात पडली, त्याच्या लक्षातही आलं नाही.

पान नाही, गुण नाहीत.
जॅरेट पडद्याकडे बघत राहिला,
मग प्रथमच माझ्याकडे:
‘आता पुढे काय बोलतात ते?’

पुढचं मी लिहिलेलं नव्हतं.